कॉलनीच्या ओपन स्पेसवर सर्वांसाठी उद्यान : सुरुवात वाटेपासून करा

प्रश्न असा आहे : नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका कॉलनीला ले-आउटमधल्या ओपन स्पेसवर, म्हणजे सर्वांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवर, उद्यान करायचं आहे. जागा साधारण अर्धा एकर, माती काळी, एका कोपऱ्यात छोटं मंदिर. कॉलनीत ज्येष्ठ मंडळी बरीच. एक मुलगी व्हीलचेअर वापरते, एक काका पूर्ण अंध आहेत, एक मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. मंडळाच्या मनात दिव्यांगांसाठी वेगळा कोपरा करून तिथे खास झोका बसवायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी आणि काय विसरू नये?

आधी त्या कोपऱ्याबद्दल बोलते. वेगळा कोपरा करू नका. व्हीलचेअरसकट चढता येणारा झोका जड असतो. हलता पाट दुसऱ्या मुलाला लागू नये म्हणून त्याला कुंपण घालावं लागतं, कुंपणाला कुलूप येतं आणि किल्ली कोणाच्या तरी घरी जाते. शिवाय त्या मुलीला झोक्यापेक्षा जास्त हवी असतात ती बाकीची मुलं. ती जिथे खेळतात तिथे तिला पोचता आलं पाहिजे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. रस्त्यावरून फाटकात, फाटकातून सावलीतल्या बाकाशी, तिथून नळाशी, खेळाच्या जागेशी, मंदिराशी आणि स्वच्छतागृहाशी जाणारी एक सलग वाट हवी. तिच्यात एकही पायरी, एकही उंबरा, एकही चिखलाचा पट्टा नको. ती नीट झाली की बाकीचं पैसे येतील तसं दोन-तीन वर्षांत करता येतं. ती राहिली, तर बाकी सगळं असूनही निम्म्या लोकांसाठी ते नसल्यासारखंच.

आता फाटक. नाशिकमधल्या बऱ्याच उद्यानांत माणसं इथेच अडतात. दुचाकी आत येऊ नये म्हणून आपण फिरतं फाटक, वाकडीतिकडी लोखंडी चौकट किंवा दाटीवाटीने रोवलेले खांब लावतो. दुचाकीवाला कुठून तरी वाट काढतो, अडकते ती व्हीलचेअर, बाबागाडी आणि वॉकर धरून आलेली आजी. खांब लावायचेच असतील तर दोन खांबांमध्ये किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. मी स्वतः चार फूट ठेवायला सांगते. मानकं व्हीलचेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत, आपल्याकडे मात्र अनेक जण हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर किंवा मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर येतात. ही वाहनं रुंद असतात आणि त्यांना वळायला जास्त जागा लागते. म्हणून फाटकालगत, सावलीत, सपाट जमिनीवर अशा दोन वाहनांची जागा राखून ठेवा. तिथून उतरून कुबड्यांवर आत जाणाऱ्या माणसाला पहिला बाक दहा-पंधरा पावलांत मिळाला पाहिजे.

फाटकाशी रस्ता आणि आतली जमीन यांत बहुतेक वेळा अर्ध्या फुटाचा फरक असतो. तिथे ठेकेदार सिमेंटचा एक उभा घसरा करून देतो आणि त्याला रॅम्प म्हणतो. हिशोब सोपा आहे. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे अर्ध्या फुटाच्या चढाला सहा फूट लांबी. १:२० ठेवलात तर दहा फूट लागतील, पण मग तो रॅम्प वाटतच नाही आणि म्हाताऱ्या माणसाला कठड्याशिवायही चढता येतो. जागा असेल तर १:२० च करा. मोजायला यंत्र नको. १२० सेंटिमीटरची सरळ फळी घ्या, तिच्यावर गवंड्याची लेव्हल ठेवा, उतारावर फळी टेकवा आणि खालचं टोक उचलून बुडबुडा मधोमध आणा. ते टोक जमिनीपासून १० सेंटिमीटरपर्यंत उचललं गेलं तर उतार १:१२, ६ सेंटिमीटर तर १:२०. १० सेंटिमीटरहून जास्त उचलावं लागलं तर काम परत करायला सांगा. ही फळी मंडळाच्या माणसाने हातात घेऊन ठेकेदारासमोर लावावी, बिल देण्याआधी.

आतली वाट पाच फूट तरी रुंद हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोर सहज जाव्यात असं वाटत असेल तर सहा फूट. आणि ती गोल फिरून पुन्हा फाटकाशी यावी. आंधळी गल्ली ठेवू नका. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाला वाट संपली की पुढे काय ते कळत नाही, तो गोंधळतो. फिरत राहिलं की आपोआप फाटकाशी येणारी वाट त्याला सांभाळून घेते. तुमच्या कॉलनीतल्या स्वमग्न मुलालाही रोज तीच, तशीच फेरी मिळणं मोलाचं असतं.

वाटेवर काय घालायचं यावर सगळ्यात जास्त वाद होतील. सवयीने पेव्हर ब्लॉक सुचवले जातील. काळ्या मातीत मी ते टाळते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दोन पावसाळ्यांत ब्लॉक वरखाली होतात आणि वर आलेल्या अर्ध्या इंचालाही वॉकरचं पुढचं चाक किंवा चपलेचं टोक अडतं. शिवाय ब्लॉकच्या कडा उतरत्या असतात. त्यांवरून व्हीलचेअर सतत थरथरते आणि पाठीच्या कण्याला इजा असलेल्यांना ती थरथर फार त्रास देते. पॉलिश केलेली फरशी, मग ती कोटा असो की कडप्पा, पावसात घसरडी होते. नुसता मुरूम दिसायला छान, गुडघ्यांनाही बरा, पण श्रावणात त्यात चाक रुततं.

माझी पसंती अशी : वाटेखालची काळी माती दीड फूट काढा, तिथे मुरूम थराथराने पाणी मारून दाबा आणि वर चार इंच काँक्रीट घाला. वरचा थर ओला असतानाच झाडू आडवा ओढून बारीक रेघा पाडा, म्हणजे पाय घसरत नाही. रुंदीत दर मीटरला दोन सेंटिमीटर एवढाच बाजूचा उतार द्या. पाणी निघून जातं आणि खुर्ची एका बाजूला ओढली जात नाही. काँक्रीटला लागून आतल्या बाजूने तीन फुटांचा मुरमाचा पट्टा ठेवलात तर सकाळी धावणारी मंडळीही खूश राहतील आणि दोघांची टक्कर होणार नाही. वाट ओलांडणाऱ्या गटारावरची जाळी नीट बघून घ्या. फटी १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नसाव्यात आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर चाक किंवा पांढऱ्या काठीचं टोक फटीत जातं.

अंध काकांसाठी सगळ्या उद्यानभर पिवळ्या टॅक्टाइल टाइल्स, म्हणजे पायाला आणि काठीला जाणवणारे उंचवटे असलेल्या फरश्या, टाकायची गरज नाही. त्या उंचवट्यांचा त्रास चाकांना आणि सांधेदुखीच्या पायांना होतो. वाटेच्या एका कडेला तीन-चार इंच उंच, सलग कड बांधा, पाणी जायला मधे मधे बारीक खाचा ठेवा. काठी त्या कडेने पुढे सरकत जाते. टॅक्टाइल टाइल्स फक्त निर्णयाच्या जागी लावा. ठिपक्यांच्या टाइल्स 'थांबा, पुढे काही आहे' सांगतात, त्या रॅम्पच्या तोंडाशी आणि वाट फुटते तिथे. लांब पट्ट्यांच्या टाइल्स दिशा दाखवतात, त्या फाटकापासून कडेपर्यंत. याहून महत्त्वाची गोष्ट डोक्याच्या उंचीची आहे. काठी जमिनीवरचं सांगते, कपाळाशी आलेली फांदी सांगत नाही. वाटेवर सात फुटांच्या खाली एकही फांदी, पाटीचा कोपरा किंवा वेलीची कमान नको. बोगनवेल वाटेलगत लावूच नका. ती महिन्याभरात वाटेवर येते आणि तिचे काटे नेमके चेहऱ्याच्या उंचीला असतात. ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्यासाठी कडेचा आणि वाटेचा रंग वेगळा ठेवा. करड्या काँक्रीटला पिवळी कड पुरते, फक्त दर दिवाळीला नवा हात द्यावा लागतो.

वास हीदेखील खूण आहे, पण ती विचार करून वापरावी लागते. सगळी सुगंधी झाडं एकत्र लावली तर खूण राहत नाही, नुसता घमघमाट होतो. एका वळणावर एकच वास ठेवा. फुलांवर विसंबू नका. मोगरा उन्हाळ्यात बहरतो, पारिजातक पावसाळ्याअखेर, बाकी वर्षभर काकांनी काय करायचं? पानांना वास असलेली झाडं बारा महिने उपयोगी पडतात : फाटकाशी तुळस, नळाशी पुदिना, बाकाशी गवती चहा, खेळाच्या जागेआधी पानओवा. ही कमरेच्या उंचीला असावीत, म्हणजे न वाकता पान चुरगाळता येतं. पारिजातक जरूर लावा, पण वाटेवर नको, फुलांच्या सड्यावरून पाय सरकतो. जांभळाचं तेच. वाटेपासून दहा फूट आत लावा.

काय लावू नये तेही सांगते. पिवळी आणि लाल अशा दोन्ही कण्हेरी विषारी आहेत. धोतरा, गुंज आणि एरंडाच्या बिया लहान मुलांच्या तोंडात जाऊ शकतात, आणि काही मुलं हाताला येईल ते तोंडात घालतातच. सप्तपर्णीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला उग्र वास कित्येकांना डोकेदुखी देतो. दमा असलेल्यांसाठी त्या दिवसांत उद्यान बंद असल्यासारखंच. कोनोकार्पस झटपट हिरवी भिंत देतो म्हणून लोक लावतात, पण त्याच्या परागकणांविषयीच्या आणि मुळांविषयीच्या तक्रारींमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपणही तो लावू नये. वड-पिंपळ आधीच असतील तर अवश्य राखा, वाटच त्यांच्यापासून लांबून न्या, कारण मुळं काँक्रीट उचलतात. नवीन सावलीसाठी करंज, बकुळ, कडुनिंब, आणि रंगासाठी राज्यपुष्प तामण ही झाडं आपल्या हवेत निभावतात.

बाकांवर थोडं थांबते, कारण ज्येष्ठांचं उद्यान बाकावर ठरतं. देणगीदाराचं नाव पाठीवर कोरलेले सिमेंटचे बाक तुम्ही सगळीकडे बघितले असतील. त्यांना हात नसतात. सत्तरीतल्या गुडघ्यांना बसणं जमतं, उठणं जमत नाही, आणि उठता येणार नाही या धास्तीने माणूस बसतच नाही, लवकर घरी जातो. बाकाची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवी, पाठ हवी, दोन्ही बाजूंना हात हवेत आणि ते हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, म्हणजे त्यांवर भार देऊन उठता येतं. बैठकीखाली पाय मागे घेता येतील एवढी जागा मोकळी सोडा. खालून भरीव बांधलेला कट्टा म्हाताऱ्या माणसाला उठताना अडवतो. तुमच्या अर्ध्या एकरात दीडशे मीटरची फेरी बसेल. दर तीस मीटरला एक बाक धरला तर पाच जागा होतात. प्रत्येक बाकाशेजारी वाटेच्या पातळीतच तीन फूट बाय चार फूट फरसबंद जागा ठेवा, म्हणजे व्हीलचेअरवरची मुलगी आजीच्या शेजारी बसेल, वाटेत मधोमध नाही. दोन बाक पूर्वेला तोंड करून उघड्यावर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी हाडांत शिरते, तेव्हा सकाळचं ऊन हेच त्यांचं औषध. बाकीचे तीन गर्द सावलीत.

खेळाच्या जागेत वाळू आणि खडी टाळा, चाक तिथे जागीच रुततं. रबरी जमीन महाग वाटली तर फक्त झोके-घसरगुंडीखाली आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या पट्ट्यावर घाला. झोक्यांपैकी एकाला पाठ आणि पुढे पट्टा असलेली खोलगट बैठक लावा. त्यावर ती मुलगीही बसेल आणि तीन वर्षांचं कोणतंही मूलही. घसरगुंडीच्या पायथ्याशी व्हीलचेअरच्या बैठकीएवढ्या उंचीचा, ४५ सेंटिमीटरचा कट्टा केला तर मूल खुर्चीतून कट्ट्यावर सरकतं आणि तिथून हातांच्या जोरावर वर जातं. वाळूची हौस टेबलावर भागवा. खाली गुडघे जातील असं टेबल करून त्यावर वाळूचा ट्रे ठेवला की उभी मुलं आणि खुर्चीतली मुलं समोरासमोर खेळतात. स्टीलची घसरगुंडी घ्याल तर ती सावलीत बसवा. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजताही तिला हात लावून बघा, मग कळेल. ज्या मुलांना पायांत संवेदना नसते त्यांना भाजल्याचं समजतही नाही.

स्वमग्न मुलासाठी खेळाच्या जागेजवळ, पण थोडी आडोशाची एक शांत जागा करा. तीन बाजूंनी कमरेएवढं झुडूप, चौथी बाजू उघडी, म्हणजे आईला लांबून दिसत राहील. गोंगाट वाढला की त्याला तिथे जाता येईल. मंदिराचा कर्णा त्या दिशेला नको, हे आधीच मंडळात ठरवून घ्या. आणि उद्यानाला पूर्ण कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक हवं, कारण अशी काही मुलं अचानक रस्त्याकडे धावतात.

उंच वाफे जरूर करा. ज्यांनी आयुष्यभर शेती किंवा परसबाग केली त्यांना फ्लॅटमध्ये आल्यावर सगळ्यात जास्त मातीची आठवण येते. दोन प्रकार करा. एक, विटांचा किंवा काळ्या दगडाचा भरीव वाफा, दोन फूट उंच. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर रुंदी दोन फूट, दोन्ही बाजूंनी पोचणार असेल तर चार. कठडा नऊ इंच रुंद ठेवा, त्यावर टेकून काम करता येतं. दुसरा, टेबलासारखा, खाली गुडघे जातील असा ७० सेंटिमीटर मोकळा. त्यात मातीची खोली आठ-नऊ इंचच मिळते, म्हणून मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना लावा, वांगी-टोमॅटो भरीव वाफ्यात. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, तेव्हा टेबलाचा सांगाडा लोहाराकडून जाड घडवून घ्या. दोन्ही वाफ्यांत नुसती काळी माती भरू नका. ती सुकली की आकसून कडेपासून सुटते आणि पाणी तसंच खाली निघून जातं. पोयटा (गाळाची माती), शेणखत आणि कोकोपीट मिसळा. पाण्याला ठिबक. द्राक्षांच्या या जिल्ह्यात ठिबक जोडून देणारा माणूस शोधावा लागत नाही. नळ गोल फिरवायचा नको, दांडीचा हवा आणि जमिनीपासून तीन फुटांवर. संधिवाताच्या बोटांना तो मनगटाने ढकलता येतो. खुरप्याच्या मुठीवर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली की मूठ जाड होते आणि पकड सुटत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने लोक पुन्हा काम करायला लागतात, हे मी पाहिलं आहे.

स्वच्छतागृह असेल तर एक तरी असं, ज्याचं दार तीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारं आहे, आत खुर्ची वळायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा आहे आणि कमोडशेजारी भिंतीत पक्के दांडे आहेत. त्यात झाडू-पाइप ठेवायचे नाहीत, त्यासाठी वेगळी पेटी करा.

कायद्याची बाजू तुमच्याकडे भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केलेली आहे आणि सार्वजनिक जागा सुगम असणं हा त्यात हक्क आहे. मोजमापं हवी असतील तर केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाची सुगम्यतेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुरेशी नाहीत, किमान मानकं बंधनकारक हवीत. नगरसेवक किंवा आमदार निधीसाठी अर्ज करताना हे संदर्भ घाला. ओपन स्पेसवर काहीही बांधण्याआधी महापालिकेची लेखी परवानगी घ्या. झाड तोडायची वेळ आली तर १९७५ च्या झाडांच्या अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण वाट वळवली तर बहुधा ती वेळ येत नाही.

आराखडा कागदावर पक्का करण्याआधी एका सकाळी त्या मुलीला, तिच्या आईला, काकांना, त्या मुलाच्या पालकांना आणि दोन-तीन आजी-आजोबांना जागेवर बोलवा. फक्कीने वाट आखा, तिच्यावरून व्हीलचेअर फिरवून बघा, वळणावर ती अडते का ते मुलीलाच विचारा. काकांना आखणीच्या कडेने दोरी लावून चालू द्या. सातपूरला नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचं काम आहे, तिथल्या प्रशिक्षकांना आखणी दाखवायची विनंती करून बघा. रेषा खडूची आहे तोवर ती पुसून दुसरीकडे मारता येते.

कामाचा क्रम असा ठेवा. खोदाई आणि मुरूम मार्च-एप्रिलमध्ये, काँक्रीट मेच्या मध्यापर्यंत आणि त्यावर भरपूर पाणी मारायची सोय आधी बघून. पहिले दोन मोठे पाऊस येऊ द्या, पाणी कुठे साचतं ते खडूने खुणा करून ठेवा, दुरुस्ती करा आणि जुलै-ऑगस्टमध्ये झाडं लावा. बाक आणि वाफे दिवाळीनंतर. देखभालीचा माणूस पहिल्या दिवसापासून ठरवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ताठ ब्रशने वाटेवरचं शेवाळ घासायचं, महिन्यातून एकदा सात फुटांची काठी उभी धरून पूर्ण फेरी मारायची आणि काठीला लागेल ती फांदी छाटायची. ठेकेदाराचे दर मागवण्याआधी फाटकाशी पातळीतला फरक मोजा, जागेच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन फूट खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो ते पाहा आणि ही मापं प्रत्येक ठेकेदाराला सारखीच द्या, म्हणजे आलेल्या दरांची तुलना करता येईल.